वरून हवा, खालून पेट्रोल

डिसेंबरातली सकाळ होती. जळगावात टाकी काठोकाठ भरून घेतली आणि अजिंठ्याच्या रस्त्याला लागलो. शहर मागे टाकून चार-पाच किलोमीटर झाले असतील, गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि हुंदके देत देत ती रस्त्याच्या कडेला थांबली. किक मारली, काही नाही. चोक ओढला, एकदा फुरफुरली आणि पुन्हा गप्प झाली. दहा मिनिटं शेजारच्या कपाशीकडे बघत उभा राहिलो. मग किक मारली तर पहिल्याच किकेला चालू! नेरीच्या आसपास पुन्हा तेच. पहूर जवळ आलं तेव्हा तिसऱ्यांदा.

गाडी वडिलांची. नव्वदच्या दशकातली, शंभर सीसीची, फोर-स्ट्रोक. जामनेर तालुक्यातल्या शाळांत त्यांनी नोकरी केली ती या गाडीवर. ते गेल्यावर गाडी विकायचा विषय घरात एकदा निघाला आणि कोणीच तो पुढे नेला नाही. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. किल्लीच्या कडीत त्यांनी अडकवलेली सेफ्टी पिन अजून तशीच आहे.

गाडी अशी वागायला लागली होती त्याला महिना झाला होता. शहरात चार-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत काही होत नसे, लांबच्या वाटेवर ती रुसायची. एकाने प्लग बदलायला सांगितला, बदलला. दुसऱ्याने कॉइलवर बोट ठेवलं, तीही बदलली. दोष जागच्या जागी होता. म्हणून पहूरच्या नाक्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या गॅरेजपुढे गाडी ढकलत नेली तेव्हा माझी अपेक्षा बेताची होती. दिवस कलेपर्यंत मी तिथेच बसून राहीन, असं तर मुळीच वाटलं नव्हतं.

नाक्याचं गाव

पहूर हे रस्त्यांचं गाव. जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग इथून जातो, एक रस्ता जामनेरला फुटतो, एक शेंदुर्णीवरून पाचोऱ्याकडे. मधून वाघूर वाहते. अजिंठ्याच्या लेण्यांना घोड्याच्या नालासारखा वळसा घालून खाली उतरते तीच ही नदी. पेठ आणि कसबे अशी गावाची दोन अंगं आहेत.

या गावाला रेल्वेही होती. पाचोरा ते जामनेर, छप्पन्न किलोमीटरची नॅरोगेज लाइन. १९१८-१९ च्या सुमाराला सुरू झालेली ही छोटी गाडी शंभर वर्षं शेंदुर्णी-पहूरच्या माणसांना ने-आण करत होती. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा धावली नाही. जी माणसं तिच्यात बसत, त्यांतली पुष्कळ आता दुचाकीवर आहेत, आणि ती दुचाकी बहुतेक वेळा जुनी असते. दुधाचे कॅन, खताची गोणी, फवारणीचा पंप, शाळेची दोन पोरं, असं सगळं तिच्यावर लादलेलं असतं. अशा घरात गाडी बंद पडली की दूध डेअरीला पोचत नाही, औषध फवारायचा दिवस हुकतो. जुन्या गाडीचं पेट्रोल अडणं ही इथे रोजच्या भाकरीशी जोडलेली गोष्ट आहे.

आधी विचारा, मग पाना

मिस्त्रींनी गाडीला हात लावला नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "भाऊ, गाडी एकदम बंद पडली का रडत रडत?"

"रडत रडत."

"एकदम बंद पडती तर करंट पाह्यला असता. रडत पडली म्हणजे पेट्रोल."

या एका प्रश्नात माझा महिना आणि कॉइलचे पैसे वाचले असते. ठिणगी तुटली की इंजिन दिव्याचं बटण दाबल्यासारखं विझतं. पेट्रोल कमी पडलं तर तसं होत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं, तेवढ्यावर ते जगतं, मग मिश्रण पातळ होत जातं, गाडी ओढ सोडते, झटके देते आणि मग थांबते. मरताना चोक ओढल्यावर क्षणभर सावरली, तर पेट्रोलच कमी पडतंय याची ती दुसरी साक्ष.

त्यांनी पुढचं विचारलं. थांबल्यावर किती वेळाने चालू होते? टाकी कधी भरली? भरल्यावर लवकर बंद पडते का अर्धी असताना? मी आठवून आठवून सांगत गेलो, आणि माझ्याच उत्तरांतून एक ओळ दिसू लागली. आज टाकी काठोकाठ होती आणि गाडी पाच किलोमीटरांत थांबली. पुढच्या वेळी जरा उशिरा, त्यापुढे आणखी उशिरा. टाकी जसजशी रिकामी होत होती, तसतशी गाडी जास्त धावत होती.

मिस्त्री उठले. गाडी चालू केली, जागेवर रेस देत राहिले. ती आचके द्यायला लागली तसा त्यांनी हात उचलला, "ऐका," म्हणाले आणि टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स!

बारीकसा आवाज. टाकीने श्वास आत घेतला. दोन-चार आचक्यांनंतर इंजिन सावरलं आणि शांतपणे चालत राहिलं.

तेलाच्या डब्याची दोन भोकं

तेलाचा नवा डबा आपण फोडतो तेव्हा एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं, मग अडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते. तेल एकीकडून बाहेर आलं की त्याची जागा घ्यायला दुसरीकडून हवा आत जावी लागते. हे आपल्याकडे चुलीपाशी वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. जुन्या मोटारसायकलची टाकी म्हणजे असाच डबा. खालचं भोक पेट्रोल कॉकचं, वरचं झाकणातलं. सुईच्या टोकाएवढं ते छिद्र बुजलं तर टाकी भरलेली असूनही गाडी उपाशी मरते.

हिशेब करून पाहिला तर आणखी नवल वाटतं. या गाड्यांत पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. दोन्ही पातळ्यांत अंतर समजा वीस सेंटिमीटर. पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून ही ढकल पंधराएक सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढी. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब मात्र दहा मीटर पाण्याएवढा. म्हणजे बंद टाकीतला दाब अवघा दीड टक्का घटला की पेट्रोलची वाट थांबली. टाकीत वर पाच लिटर हवा असेल, तर पाऊण चहाकपाएवढं पेट्रोल बाहेर पडेपर्यंत ही वेळ येते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवा अर्धा लिटरच. तिथे दीड चमचा पुरतो! माझी गाडी टाकी भरल्यावर लवकर का थांबत होती, त्याचं उत्तर हे होतं. थांबल्यावर झाकणाच्या फटीतून मुंगीच्या पावलांनी हवा आत शिरायची, दहा मिनिटांत दाब भरून निघायचा आणि गाडी पहिल्या किकेला चालू व्हायची. आपण समजायचं की इंजिन थंड झालं म्हणून चालू झालं.

थंडीचाही हात होता. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं उबदार पेट्रोल डिसेंबरच्या गार वाऱ्यात निवतं, आकसतं, आणि दाब आणखी उतरतो. खानदेशच्या उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, टाकीत पेट्रोलची वाफ धरते आणि उलट तीच पेट्रोल खाली रेटते. छिद्र बुजलेलंच असतं, पण दोष लपतो.

आणि छिद्र बुजवलं होतं मीच. पावसाळ्यात झाकणातून पाणी आत जाऊ नये म्हणून जुनं रबर काढून मी नवं, जाड रबर बसवलं होतं. मापाला ते नेमकं बसलं, फक्त त्यात हवेची वाट नव्हती. पाणी अडवताना मी हवा अडवली होती. मिस्त्रींनी रबर काढलं, ब्लेडने त्यात नेमक्या जागी खाच पाडली, मग झाकण उजेडासमोर धरून म्हणाले, "पिन आहे का?" मी किल्ली पुढे केली. कडीतली ती सेफ्टी पिन त्यांनी छिद्रात घातली, फिरवली, आणि टोकावर निघालेला काळा मळ मला दाखवला. वडिलांनी पिन तिथे कशासाठी ठेवली होती, ते मला तेव्हा कळलं.

पाटाचं पाणी

माझं काम झालं होतं, पण मी हललो नाही. दिवसभरात ज्या गाड्या आल्या त्यांत माझी धरून चार पेट्रोलच्याच दुखण्याच्या होत्या, आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं. मिस्त्रींची पद्धत मात्र एकच: वरून खाली यायचं, एका वेळी एकच गोष्ट उघडायची, ती बरोबर निघाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

खानदेशच्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून शेत. पंप नाही, इंजिन नाही, पाणी उताराने जातं. शेवटच्या शेतात पाणी कमी आलं तर पाटकरी बंधाऱ्यापासून निघतो आणि पाटाच्या कडेने चालत येतो. कुठे गाळ साचला, कुठे पाट फुटला, ते वाटेतच सापडतं. आता जळगाव जिल्ह्यात केळीला आणि कपाशीला ठिबक आहे, तिथेही तेच: आधी फिल्टर, मग मेन लाइन, मग नळ्या, मग ड्रिपर. क्षार धरले तर ॲसिड सोडायचं, नळीचं टोक उघडून गाळ बाहेर काढायचा. मोटारसायकलची टाकी म्हणजे बंधारा, कॉक म्हणजे दार, पाइप म्हणजे पाट, आणि कार्बोरेटरमधलं जेट म्हणजे ड्रिपर. ठिबकचा फिल्टर जो स्वतः धुतो, त्याने आपल्या गाडीचं दुखणं ओळखायला घाबरायचं कारण नाही.

एक दूधवाला आला. त्याची गाडी एरवी बरी चाले, रिझर्व्हला लावली की बंद. मिस्त्रींनी कार्बोरेटरचा पाइप उपसला, त्याचं टोक बाटलीत धरलं आणि कॉक फिरवला. 'ऑन'ला धार चांगली. 'रिझर्व्ह'ला थेंब थेंब. कॉकच्या आत दोन तोंडं असतात: 'ऑन'चं उंच नळीवर, 'रिझर्व्ह'चं तळाशी. टाकीतला गंज आणि पेट्रोलहून जड असलेलं पाणी तळाशीच बसतं. कॉक सोडवल्यावर त्याच्या जाळीवर लाल चिखलाचा थर निघाला. दुसऱ्या बाजूचं उदाहरणही त्यांनी सांगितलं: अर्धी टाकी असताना 'ऑन'ला अडते आणि 'रिझर्व्ह'ला चालते, तर उंच नळी तुंबलेली. कॉकची मूठ जिच्यावर फिरते ती भोकं पाडलेली रबरी चकती जुनी झाली की फुगते आणि भोकं समोरासमोर येत नाहीत, हेही एक कारण.

धार किती हवी? लिटरला पन्नास किलोमीटर देणारी गाडी ताशी पन्नासच्या वेगाने तासाला एक लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला सतरा मिलिलिटर, साडेतीन चमचे. घाटात, मागे माणूस बसलेला असताना, ती याच्या कितीतरी पट मागते. म्हणून उघड्या पाइपातून मिनिटाला चहाचा एक ग्लास सहज भरला पाहिजे, हे मिस्त्रींचं माप. धार सुरुवातीला जोरात आणि मग मंदावत गेली, तर झाकणाकडे बघायचं. सुरुवातीपासूनच बारीक, तर कॉक, जाळी, फिल्टर किंवा पाइप. धार भरपूर आणि तरी गाडी उपाशी, तर अडथळा कार्बोरेटरच्या आत.

पाइपावर ते बराच वेळ बोलले. मूळ पाइप कडक झाला की लोक हाताला येईल ती पारदर्शक नळी लावतात. पेट्रोलने ती ताठरते, वळणावर मुडपते, इंजिनाला चिकटली तर मे महिन्यात आत वाफेचा बुडबुडा धरते आणि पेट्रोल अडतं. कुणी मध्ये कागदी फिल्टर टाकतं. पंपाच्या दाबासाठी केलेला फिल्टर नुसत्या वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलला वाट देत नाही. योग्य जाडीचा, लहानात लहान, सतत उतरता पाइप, हाच इलाज.

वाटी, काटा आणि जेट

दुपारी एक टू-स्ट्रोक आली. खाली पेट्रोल गळत होतं, उग्र वास येत होता. इथे तक्रार उलटी होती. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट तरंगतो. पेट्रोल वाढलं की तो वर येतो आणि टोकदार काट्याने वाट बंद करतो. घरच्या पाण्याच्या टाकीतला फुगा करतो तेच काम. काट्याखाली कचऱ्याचा कण अडकला तर वाट बंद होत नाही, पेट्रोल वाहून जातं, प्लग काळा पडतो. काटा वर चिकटून बसला तर वाटी कोरडी पडते. मिस्त्रींनी पेचकसाच्या मुठीने वाटीवर दोन टिचक्या मारल्या, गळती थांबली. "आता थांबली, उद्या परत होईल," म्हणत त्यांनी वाटी उघडलीच. तात्पुरतं बरं झालेलं दुखणं ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत.

टू-स्ट्रोकबद्दल त्यांनी एक ताकीद दिली. राजदूतसारख्या गाड्यांत इंजिनाचं ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असतं. तिथे पेट्रोल कमी पडणं म्हणजे ऑइलही कमी पडणं. तशीच रेटली तर पिस्टन चिकटतो. जी फोर-स्ट्रोकमध्ये गैरसोय, ती इथे इंजिनाचं मरण ठरू शकते.

चौथी गाडी चोक ओढलेला असेल तरच चालायची. स्लोला थांबायची, रेस दिली की ठीक. म्हणजे पायलट जेट. कार्बोरेटरमध्ये मंद गतीचं पेट्रोल या बारक्या जेटमधून येतं, जोराचं मेन जेटमधून. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळसर राप राहतो, तो आधी पायलट जेट गिळतो. मिस्त्रींनी जेट काढून उजेडाला धरलं. चंद्रकोरीएवढा प्रकाश दिसत होता. क्लीनर मारला, हवेने फुंकलं, पुन्हा धरलं. आता पूर्ण वाटोळा ठिपका. "यात तार घालायची नाही," ते म्हणाले. जेट पितळेचं असतं, त्याचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेलं. तार फिरवली की ते मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पिऊ लागते.

हात चालवताना त्यांचा एक नियम दिसला. पाइप किंवा कार्बोरेटर उघडण्याआधी इंजिन गार झालं पाहिजे, आणि आसपास विडी-काडी नाही. पेट्रोल उणे चाळीस अंशांखालीही पेट घेण्याएवढी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते. दहा पावलांवरची काडीही पुरते. पाइप तोंडाने ओढायचा नाही. घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. चुकून कुणी गिळलं तर उलटी करवायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

नवं पेट्रोल, जुनी रबरं

कार्बोरेटर ही सव्वाशे वर्षांहून जुनी युक्ती. १८९३ मध्ये हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी पेट्रोल फवाऱ्याने हवेत मिसळण्याचं पेटंट घेतलं, त्याच सुमारास जर्मनीत मायबाखनेही तसंच यंत्र केलं. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथे दाब उतरतो, आणि वाटीतलं पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. आपल्याकडे साठीच्या दशकात आलेल्या राजदूत आणि जावापासून १९८५ च्या सीडी १०० आणि आरएक्स १०० पर्यंत, आणि पुढेही, याच तत्त्वावर खेडी धावली. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता टाकीत विजेचा पंप असतो. तो पेट्रोल वातावरणाच्या जवळजवळ तिप्पट दाबाने ढकलतो, जुन्या टाकीच्या ढकलेच्या सुमारे दोनशे पट. त्या गाड्या धूर कमी करतात आणि पेट्रोल मोजून घेतात. हवा स्वच्छ राहावी असं वाटणाऱ्याने त्यांचं स्वागतच करावं.

पण जुन्या गाड्या रस्त्यावरून एका तारखेला नाहीशा होत नाहीत, आणि त्यांच्या टाकीत पडणारं पेट्रोल बदललंय. २०२२ च्या जूनमध्ये देशाने दहा टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. उसाच्या आणि मक्याच्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, आयात तेलाची बचतही आहे. जुन्या गाडीच्या मालकाने मात्र दोन गोष्टी ओळखल्या पाहिजेत. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ती हद्दीबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात, नेमके रिझर्व्हच्या तोंडाशी. आणि त्या काळातले पाइप, वायसर, फ्लोटच्या काट्याची टोकं अशा मिश्रणासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, तुकडे सोडतात.

मिस्त्रींचा सल्ला साधा होता. रबरं नव्या पेट्रोलला चालतील अशी बदलून घ्या. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या ओलीने आतून गंज धरतो. आणि झाकणावर पाणी पडायची भीती असेल तर वरून कापड टाका.

कान लावून

संध्याकाळी मी पैसे विचारले. रबराला खाच पाडायचे ते काही घेईनात. मी आग्रह केला तेव्हा चहाचे घेतले. गॅरेजमध्ये हाताखाली एक पोरगा होता, सतरा-अठराचा. नव्या गाड्यांचा स्कॅनर शिकायला त्याला जळगावला जायचंय. मिस्त्री त्याला जा म्हणतात. पण दिवसभर ते प्रत्येक जेट आधी त्याच्या डोळ्यासमोर धरत होते, आणि "काय दिसतं?" विचारून त्याच्या उत्तराची वाट बघत होते. हे शिक्षण कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. खरं तर ते लिहिलं गेलं पाहिजे, जसं बी-बियाण्याचं, विहिरीच्या झऱ्याचं ज्ञान लिहिलं गेलं पाहिजे. स्कॅनर सांगेल त्या आकड्यालाही शेवटी कुणीतरी विचारणारा लागतोच: एकदम बंद पडली का रडत रडत?

निघालो तेव्हा ऊन कलतं होतं. फर्दापूर गेलं, अजिंठ्याचा घाट लागला. सकाळी ज्या गाडीने सपाटीवर तीनदा दम टाकला होता ती दुसऱ्या गिअरमध्ये चढण एका लयीत चढली. माथ्यावर थांबलो. खाली खानदेश पसरला होता, वाघूरच्या कडेची झाडं गडद होत होती. इंजिन चालूच ठेवलं, टाकीपाशी वाकलो आणि झाकण हळूच फिरवलं.

कान लावला. काहीच आवाज आला नाही.